नऊ मतं, तीन विजेते: सामूहिक निर्णयांच्या संशोधनात शिरायचं कसं

नऊ जणांना तीन पर्यायांमधून एक निवडायचा आहे. पर्याय क, ख आणि ग. चौघांचा पसंतीक्रम क, ख, ग असा. तिघांचा ग, ख, क. उरलेल्या दोघांचा ख, ग, क. कोण जिंकलं?

कागद घ्या आणि स्वतः मोजा. नुसती पहिली पसंती मोजली तर क ला ४ मतं, ग ला ३, ख ला २. म्हणजे क जिंकला. सर्वांत मागे राहिलेल्याला बाद करून दुसरी फेरी घेतली तर ख बाहेर जातो, त्याची दोन मतं ग कडे वळतात आणि ग ५ विरुद्ध ४ असा जिंकतो. आता बोर्दाच्या पद्धतीने पहिल्या पसंतीला २ गुण, दुसऱ्या पसंतीला १ आणि तिसऱ्या पसंतीला शून्य द्या: क ला ८, ग ला ८ आणि ख ला ११. माणसं तीच, मतं तीच, पद्धत बदलली की विजेता बदलला.

हे पाहून तुम्हाला 'मग बरोबर पद्धत कोणती?' असं विचारावंसं वाटलं, आणि पाठोपाठ 'पर्याय तीनऐवजी वीस असते तर हे मोजणार कसं?' असंही वाटलं, तर या क्षेत्रात तुमचं काम आहे. पहिला प्रश्न अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचा, दुसरा गणनाचा. दोन्ही प्रश्न जिथे एकत्र येतात त्या विषयाला संगणकीय सामाजिक निवड म्हणतात. आतली मंडळी नुसतं 'कॉमसॉक' म्हणतात. शेजारीच अल्गोरिदमिक निर्णयशास्त्र आहे, वस्तूंची न्याय्य वाटणी आहे, जोड्या जुळवण्याचे प्रश्न आहेत. या सगळ्यांच्या तळाशी ऑप्टिमायझेशन आहे, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं सर्वांत चांगलं उत्तर शोधणं.

नवखी मुलं बहुतेक वेळा परिषदांच्या याद्या शोधण्यापासून सुरुवात करतात. मीही तेच केलं होतं. तो उलटा रस्ता आहे. हातात एक छोटा, स्वतः सोडवून पाहिलेला प्रश्न नसेल तर कार्यशाळेत तुम्ही फक्त श्रोते असता. प्रश्न असेल तर चहाच्या सुट्टीत पाच मिनिटांत तुम्हाला दोन निबंधांची नावं आणि एक शंका मिळते. म्हणून खालच्या पायऱ्यांत कार्यशाळा चौथ्या क्रमांकावर आहे.

पायरी १: एक प्रश्न हाताने सोडवा, मग सॉल्व्हरने

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. दोन-दोन पर्यायांची थेट लढत लावली तर ख हा क ला ५-४ ने हरवतो, ग ला ६-३ ने हरवतो. प्रत्येक थेट लढत जिंकणाऱ्या अशा पर्यायाला कॉन्दोर्से विजेता म्हणतात. मात्र असा विजेता प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही. तीन मतदारांचे क्रम क-ख-ग, ख-ग-क आणि ग-क-ख असे असले तर बहुमत गोल फिरतं: क हरवतो ख ला, ख हरवतो ग ला, ग हरवतो क ला. हे कॉन्दोर्से या फ्रेंच गणितीने १७८५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

या चक्रातून बाहेर पडायचा एक मार्ग जॉन केमेनीने १९५९ मध्ये मांडला: असा क्रम शोधा, ज्याचे सर्व मतदारांशी असलेले जोडी-जोडीचे मतभेद मिळून सर्वांत कमी असतील. आपल्या नऊ जणांसाठी ख, ग, क हा तो क्रम, आणि मतभेद ११. इथे मात्र पर्याय तीन असल्यामुळे फक्त ६ क्रम तपासायचे होते. दहा पर्याय असतील तर ३६,२८,८०० क्रम होतात. वीस असतील तर होणारी संख्या १९ अंकी असते. एकेक तपासत बसणं शक्य नाही. केमेनीचा क्रम काढणं हा एनपी-हार्ड प्रश्न आहे, म्हणजे पर्याय वाढले की तो नेहमी झटपट सोडवेल अशी रीत कुणाला माहीत नाही, आणि २००१ मध्ये हेही दाखवलं गेलं की मतदार फक्त चार असले तरी तो तसाच कठीण राहतो.

आता ऑप्टिमायझेशन कामाला येतं. प्रत्येक जोडीसाठी ० किंवा १ घेणारं चल धरा: 'अमुक पर्याय तमुकाच्या वर आहे का?' दोन पर्यायांपैकी नेमका एकच वर, हा पहिला नियम. कोणत्याही तिघांत चक्र होता कामा नये, हा दुसरा. वीस पर्यायांसाठी अशी ३८० चलं होतात आणि चक्र टाळणाऱ्या अटी २,२८०. आजच्या सॉल्व्हरसाठी, म्हणजे असं मॉडेल सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामसाठी, हा आकार मोठा नाही. पायथॉनमध्ये मॉडेल लिहायला पल्प किंवा ओआर-टूल्स वापरा, ते सोडवायला मागे सीबीसी, हायज (HiGHS) किंवा एससीआयपी हा सॉल्व्हर लावा. हे सगळं मोफत मिळतं. साताठ ओळींच्या मॉडेलने जो क्रम येईल तो तीन पर्यायांच्या हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा. ही ताडणी टाळू नका. चलाची दिशा उलटी धरून सर्वांत नावडता क्रम पहिल्या जागी आणणारे प्रोग्राम मी कमी पाहिलेले नाहीत, त्यातला एक माझाच होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ऑप्टिमायझेशनकडून येणाऱ्यांना आपण या क्षेत्रात उपरे आहोत असं उगाच वाटतं. मतदानाच्या पद्धतींना गणनाची कठीणता पहिल्यांदा पद्धतशीरपणे लावली ती जॉन बार्थोल्डी, क्रेग टोव्ही आणि मायकल ट्रिक यांनी, १९८९ मध्ये. हे तिघेही ऑपरेशन्स रिसर्चमधले, म्हणजे व्यवहारातल्या निर्णयांना ऑप्टिमायझेशन लावणारे. चार्ल्स डॉजसन, म्हणजे लुईस कॅरल या नावाने ओळखला जाणारा गणिती, त्याने सुचवलेल्या पद्धतीत विजेता कोण हे ठरवणंच कठीण असू शकतं, असं त्यांनी दाखवलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी प्रश्न फिरवला: एखाद्या मतदाराला खोटं मत देऊन निकाल वळवायचा असेल, तर ते मत शोधणं किती अवघड? गिबर्ड आणि सॅटरथ्वेट यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रमेयाने सांगितलं होतं की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर हुकूमशाही (एकाच मतदाराचं मत म्हणजे निकाल) वगळता कोणतीही वाजवी पद्धत अशा चलाखीपासून सुरक्षित नाही. या तिघांचं म्हणणं असं, की चलाखी शक्य असली तरी ती शोधायला प्रचंड गणन लागत असेल तर तेही एक प्रकारचं कुलूपच. पुढच्या संशोधनाने हे कुलूप तितकं मजबूत नाही असं बरंच दाखवलं, पण अख्खं क्षेत्र त्या प्रश्नामागे उभं राहिलं.

पायरी २: वाचन, पण मोजकं

केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २०१६ मध्ये 'हँडबुक ऑफ कॉम्प्युटेशनल सोशल चॉइस' काढलं. त्याची पीडीएफ मोफत उपलब्ध आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा संकल्प करू नका, तिसऱ्या प्रकरणात अडकाल. मतदान पद्धतींची ओळख करून देणारं प्रकरण आणि तुमच्या प्रश्नाला लागणारं एक, एवढं पुरे. अनेक सदस्यांची समिती निवडण्यात रस असेल तर लॅकनर आणि स्कोव्हरॉन यांचं मान्यता-मतांवरचं (क्रम न लावता पसंत असतील त्या सगळ्यांवर खूण करायची) छोटं पुस्तक स्प्रिंगरने मुक्त स्वरूपात प्रसिद्ध केलं आहे. नवख्याला ते हँडबुकपेक्षा सोपं जातं.

जर्मनीतल्या श्लॉस डागश्टूल या संगणकशास्त्राच्या केंद्रात आठवडाभराच्या बंद बैठका होतात. तिथे निमंत्रणाशिवाय जाता येत नाही, म्हणून नवखे त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पण प्रत्येक बैठकीचा अहवाल सर्वांसाठी खुला असतो. त्यात भाषणांचे गोषवारे आणि अनेकदा न सुटलेल्या प्रश्नांची चर्चा असते. पुढची दोन-तीन वर्षं लोक कशावर काम करणार हे त्या अहवालांवरून बरंच कळतं.

पायरी ३: डेटा हाताळा

निकोलस मॅटेई आणि टोबी वॉल्श यांनी उभारलेला 'प्रेफलिब' हा पसंतीक्रमांचा खुला संग्रह आहे. त्यात २००२ च्या आयरिश निवडणुकीतल्या डब्लिनच्या दोन मतदारसंघांची मतं आहेत, स्केटिंग स्पर्धांतल्या परीक्षकांचे क्रम आहेत, आणखी कितीतरी. नागरिकांनी मिळून अंदाजपत्रक ठरवण्याच्या प्रयोगांची मतं हवी असतील तर 'पाबुलिब' पाहा. ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाली आणि आज तिच्यावर भरपूर अल्गोरिदमिक काम चालू आहे. 'समान वाट्यांची पद्धत' ही त्यातलीच. पीटर्स आणि स्कोव्हरॉन यांच्या कामातून ती आली आणि २०२३ मध्ये पोलंडमधल्या व्हिएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराउ या शहरांनी प्रत्यक्ष वापरली. प्रत्येक मतदाराच्या वाट्याला सारखी रक्कम येते आणि प्रकल्पाचा खर्च त्याचे समर्थक आपापल्या वाट्यातून उचलतात. गोम अशी की शेवटी थोडी रक्कम शिल्लक राहू शकते, आणि ती कशी वापरायची यावर एकमत नाही. पहिल्या प्रयोगासाठी हा चांगला विषय आहे: चार-पाच उपाय लावा, खऱ्या डेटावर निकाल किती बदलतो ते मोजा.

खऱ्या डेटावर उतरलात की पुस्तकातल्या गृहीतकांचे टवके उडू लागतात. लोक सगळे पर्याय क्रमाने लावत नाहीत. दोन लावतात आणि सोडून देतात. आणि बरोबऱ्या होतात. कार्यशाळेत भिंतीवर लावलेल्या माझ्या पहिल्या पोस्टरसमोर एक ज्येष्ठ संशोधक बाई थांबल्या, तक्त्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बरोबरी झाली तर काय करता?" मला उत्तर माहीत नव्हतं. रात्री प्रोग्राम उघडून पाहिला: बरोबरी झाली की यादीत आधी असलेला पर्याय जिंकत होता, आणि माझी यादी वर्णानुक्रमे लावलेली होती. पोस्टरवरचे दोन निष्कर्ष निव्वळ वर्णमालेचे होते. तेव्हापासून बरोबरी कशी सोडवली हे मी निबंधाच्या पहिल्या पानावर लिहितो.

पायरी ४: कुठे जायचं

आता याद्या. पहिलं नाव कॉमसॉक कार्यशाळेचं. ती २००६ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली. नंतर लिव्हरपूल, ड्युसेलडॉर्फ, क्राकाऊ, पिट्सबर्ग, तुलूझ अशी साधारण दर दोन वर्षांनी भरत आली. २०२५ ची व्हिएन्नाला झाली. नवख्यासाठी तिचा मोठा फायदा म्हणजे तिथे औपचारिक इतिवृत्त, म्हणजे मांडलेल्या निबंधांचा संग्रह, छापत नाहीत. त्यामुळे तिथे मांडलेलं काम पुढे परिषदेला किंवा नियतकालिकाला पाठवता येतं, आणि नुकतंच प्रसिद्ध झालेलं कामही तिथे चालतं. अर्धं शिजलेलं काम दाखवायला याहून बरी जागा मला माहीत नाही.

ऑप्टिमायझेशनकडे जास्त कल असेल तर अल्गोरिदमिक निर्णयशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद, म्हणजे एडीटी. ती २००९ मध्ये व्हेनिसला सुरू झाली. तिथे अनेक निकषांवरचे निर्णय, पसंती जाणून घेण्याच्या रीती, मतदान आणि वाटणी हे सगळं एका छताखाली येतं. मात्र तिचं इतिवृत्त स्प्रिंगरकडून छापून येतं, म्हणजे तिथे दिलेला निबंध प्रसिद्ध झाला असं धरलं जातं. तिसरा गट समूह-निर्णय आणि वाटाघाटींचा, जीडीएन. हे लोक गणितासोबत माणसं बैठकीत प्रत्यक्ष कशी वागतात याकडेही पाहतात. प्रमेयांपेक्षा प्रत्यक्ष निर्णयप्रक्रियेत रस असेल तर इथे जास्त रमाल.

मोठ्या परिषदा म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एएएआय, आयजेसीएआय, एएएमएएस आणि एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची इकॉनॉमिक्स अँड कॉम्प्युटेशन, जिला सगळे नुसतं 'ईसी' म्हणतात. यांच्या मुख्य सत्रांत पहिल्याच निबंधाने शिरणं अवघड. पण त्यांना जोडून होणाऱ्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची सत्रं नवख्यांसाठीच असतात. पसंती हाताळण्यावरची 'एम-प्रेफ' कार्यशाळा अशीच एखाद्या मोठ्या परिषदेच्या शेजारी भरते. प्रवास शक्यच नसेल तर कॉमसॉकचा ऑनलाइन व्हिडिओ सेमिनार आहे.

आणि फसव्या परिषदांपासून सावध. तुमच्या निबंधाचं तोंडभर कौतुक करणारा ईमेल अचानक आला, विषयांच्या यादीत मतदानापासून मृदाशास्त्रापर्यंत सगळं असलं, स्वीकृती दोन दिवसांत मिळाली, तर शुल्क भरू नका. सोपी कसोटी: कार्यक्रम समितीतली पाच नावं घ्या आणि त्यांचे निबंध तुम्ही वाचलेल्या हँडबुकच्या संदर्भांत सापडतात का ते पाहा.

पायरी ५: निवेदन नीट वाचा

निबंध मागवणाऱ्या निवेदनात चार गोष्टी आधी शोधा: पानांची मर्यादा, लेखकांची नावं लपवायची की नाही, इतिवृत्त छापणार का, आणि तारीख कोणत्या घड्याळाची. बहुतेक ठिकाणी 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत आहे. हे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे चालतं. यामुळे बहुतेकांना मुदतीनंतरचे काही तास फुकट मिळतात. ते तास हिशेबात धरून बसू नका. काही ठिकाणी गोषवाऱ्याची तारीख निबंधाच्या आठवडाभर आधी असते, ती चुकली की निबंध घेतच नाहीत.

नावं लपवायची असतील तर 'आमच्या आधीच्या निबंधात' असं न लिहिता तिसऱ्या व्यक्तीने लिहावं तसा उल्लेख करा. प्रोग्रामचा दुवा देताना त्यात तुमचं नाव राहत नाही ना, तेही पाहा.

पायरी ६: पहिला निबंध

पहिल्या पानावर छोटं उदाहरण द्या. वरच्या नऊ मतांसारखं, वाचक बोटांवर मोजू शकेल असं. परीक्षकाकडे दहा निबंध असतात. प्रमेय समजायला त्याला तास लागेल, उदाहरण दोन मिनिटांत कळेल. मग नेमकं काय नवीन आहे ते एका वाक्यात. मर्यादा लपवू नका. कार्यशाळेच्या परीक्षकाला 'हे आम्हाला अजून सिद्ध करता आलेलं नाही' हे वाक्य खटकत नाही. खटकतं ते लपवलेलं गृहीतक.

प्रसिद्ध आणि हट्टी प्रश्नांवर पहिला निबंध लिहायला जाऊ नका. न्याय्य वाटणीतला ईएफएक्सचा प्रश्न घ्या: कुणाच्याही वाट्यातली कोणतीही एक वस्तू काढली की उरलेल्या वाट्याचा दुसऱ्या कुणाला हेवा वाटू नये, अशी वाटणी नेहमी असते का? तीन जणांसाठी, वस्तूंच्या किमती बेरजेच्या असतील तर, 'असते' हे २०२० मध्ये सिद्ध झालं. चौघांपासून पुढे या प्रश्नाने कसलेल्या लोकांना वर्षानुवर्षे झुंजवलं आहे. तो समजून घ्या, त्याच्यावर पहिलं वर्ष घालवू नका.

पायरी ७: पैसा आणि कागदपत्रं

विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते, प्रवासासाठी मदतनिधी असतो, स्वयंसेवक झालात तर कधी शुल्क माफ होतं. यांचे अर्ज निबंध स्वीकारल्याच्या आसपास सुटतात आणि पटकन बंद होतात. व्हिसा लागणार असेल तर स्वीकृतीच्या दिवशीच आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागा. मागायला संकोचू नका; त्यांच्याकडे तयार मसुदा असतो.

पायरी ८: संशोधनाच्या जागा मिळवणं

पीएचडी, पोस्टडॉक आणि उन्हाळी इंटर्नशिपच्या बऱ्याच जागा आधी कार्यशाळांत तोंडी फिरतात, जाहिरात नंतर येते. पण कार्यशाळेला गेला नसाल तरी ईमेल हा रस्ता उघडा आहे. फक्त तो 'आपल्या उज्ज्वल संशोधनाने मी प्रभावित झालो आहे' असा नको. असा मजकूर प्राध्यापकांना रोज येतो आणि न वाचता जातो. त्याऐवजी काहीसा असा:

"तुमच्या निबंधातल्या प्रयोगात प्रत्येक मतदार पूर्ण क्रम देतो असं धरलं आहे. मी प्रेफलिबमधल्या अपूर्ण क्रमांवर तोच प्रयोग करून पाहिला. बहुतेक संचांत निकाल तोच राहिला, बरोबऱ्या जास्त असलेल्या संचांत बदलला. दोन पानांचं टिपण आणि प्रोग्राम सोबत जोडला आहे. या दिशेने तुमच्या गटात काम चालू आहे का?"

पाच-सहा ओळी, एक निरीक्षण, एक प्रश्न. नोकरीची विनंती पुढच्या ईमेलमध्ये. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

कोणत्या गटात काय चालतं याचा ढोबळ अंदाज असू द्या. ॲमस्टरडॅमच्या आयएलएलसीमध्ये तर्कशास्त्र आणि स्वयंसिद्धांकडे कल. पॅरिस-दोफीनच्या लामसादमध्ये निर्णयशास्त्राची जुनी परंपरा आणि ऑप्टिमायझेशनही. क्राकाऊच्या एजीएचमध्ये मतदानाचे अल्गोरिदम आणि प्रयोग. रटगर्स विद्यापीठातलं डिमॅक्स हे असंतत गणिताचं केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम चालवतं. शेवटी गट निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांचे निबंध पाहा: पहिल्या दोन वर्षांत त्यांनी काय लिहिलं, कुणाबरोबर लिहिलं.

पायरी ९: तिथे गेल्यावर

प्रत्येक भाषण ऐकलंच पाहिजे असं नाही. ज्यांच्या निबंधावर तुमचं काम उभं आहे त्यांना आधी ईमेल करून ठेवा, 'पोस्टरच्या वेळी दहा मिनिटं भेटता येईल का' एवढंच. पोस्टरवर मोठ्या अक्षरात एकच उदाहरण ठेवा. प्रश्न आले की उत्तर देण्याआधी वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरलेले असतात. मला बरोबरीचा तो प्रश्न आठवतो कारण तो लिहिला होता.

परतल्यावर आठवडाभरात त्या वहीतल्या नावांना उत्तरं पाठवा आणि निबंध दुरुस्त करायला घ्या. एएएमएएसची मुदत सहसा ऑक्टोबरच्या सुमारास येते, आयजेसीएआयची जानेवारीत, ईसीची फेब्रुवारीच्या आसपास. ईसीला निवडलात तर तिथे पूर्ण निबंधाऐवजी एका पानाचा गोषवारा छापण्याची मुभा असते, म्हणजे अर्थशास्त्राच्या नियतकालिकाचा रस्ता मोकळा राहतो. पाठवण्याआधी बरोबरीच्या नियमाची ओळ पहिल्या पानावर आहे का, ते एकदा पाहा.